विंडोज १० च्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: बॅकअपपासून मराठी टायपिंगपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर ते टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, सिक्युअर बूट आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर मागतं. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. त्यातले कितीतरी आजही ठणठणीत आहेत. कीबोर्ड चालतो, स्क्रीनवर डाग नाही, चार जीबी रॅम आहे. असं यंत्र दुकानात नेलं की 'फॉरमॅट मारून देतो' किंवा 'आता नवीनच घ्या' असं ऐकायला मिळतं. चालतं यंत्र भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून त्यावर विंडोजच्या जागी किंवा जोडीला चालणारी लिनक्स ही दुसरी प्रणाली कशी टाकायची ते सांगणारा हा लेख.

लिनक्स टाकण्याची प्रत्यक्ष क्रिया अर्ध्या-पाऊण तासाची आहे. खरा वेळ जातो तो तयारीत, आणि तो जाऊ द्यावा. या सगळ्या प्रकारात उलट न फिरणारी पायरी एकच आहे: हार्डडिस्कची नवी वाटणी लिहिली जाते तो क्षण. लिनक्स टाकण्यासाठीचा पेनड्राइव्ह चुकला तर पुन्हा बनवता येतो, चुकीचं लिनक्स निवडलं तर दुसरं टाकता येतं, सेटिंग बिघडलं तर परत लावता येतं. पण पुसलं गेलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वाटून वेगळा केलेला भाग, सहसा परत हाती लागत नाही. त्यामुळे पुढे जिथे डिस्कचा विषय येईल तिथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

## आधी ठरवा: हे तुमच्यासाठी आहे का?

ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, ऑनलाइन क्लास, पत्रलेखन, साधे हिशेब, पीडीएफ आणि फोटो एवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर निर्धास्त पुढे जा. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड किंवा मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइली यावर पोट असेल तर विंडोज पूर्ण काढू नका. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी येत नाहीत. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवण्यासाठी 'वाइन' नावाची सोय आहे, पण रोजीरोटीचं काम तिच्या भरवशावर सोडू नये. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर तेवढ्यासाठीही विंडोज राहू द्या.

महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएममध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्या फाइली विंडोज हाताशी आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येकीची एक पीडीएफही काढून ठेवा.

बाकीच्यांना माझा सल्ला असा, की पहिल्यांदा करताना दोन्ही ठेवा. सुरू करताना विंडोज हवं की लिनक्स ते निवडायचं. काही महिन्यांत विंडोजची गरज पडते का, हे आपोआप कळतं.

## कोणतं लिनक्स, कोणत्या यंत्रावर

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. त्या गाभ्यावर आज शेकडो वेगवेगळ्या प्रणाली उभ्या आहेत आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. विंडोजवरून येणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. २००६ पासून ते चालू आहे आणि उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेलं आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, ही मांडणी हाताला लगेच ओळखीची वाटते. मिंटची २२ ही मालिका २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंट तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम आठ जीबी असेल तर डोळे झाकून सिनॅमन. चार जीबी असेल तर सिनॅमन चालतं, पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की दम लागतो, म्हणून तिथे एक्सएफसीई. दोन जीबी ही अधिकृत किमान मर्यादा आहे. तेवढ्यावर प्रणाली चालेल, पण आजच्या वेबसाइट तिला सुखाने चालू देणार नाहीत.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुन्या लॅपटॉपचा संथपणा बहुतेक वेळा फिरत्या हार्डडिस्कचा असतो. एसएसडीचा दुसरा फायदा या लेखाच्या दृष्टीने त्याहून मोठा आहे. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली की तुमचा सगळा डेटा, विंडोजसकट, आहे तसा बाजूला राहतो आणि नव्या कोऱ्या एसएसडीवर कितीही चुका केल्या तरी काही बिघडत नाही. जमत असेल तर हीच सर्वांत सुरक्षित वाट आहे. तिने जाणाऱ्यांनी खालचा डिस्क कमी करण्याचा भाग सोडून द्यावा आणि पुढे 'इरेज डिस्क' हा पर्याय घ्यावा.

## बॅकअप

बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर सगळ्या फाइलींची प्रत करा. डी ड्राइव्हवर केलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नका, कारण सी आणि डी बहुधा एकाच डिस्कवर असतात. प्रत झाली की ती दुसऱ्या यंत्राला लावून पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा.

लोक डॉक्युमेंट्स आणि फोटो घेतात आणि नेमक्या या गोष्टी विसरतात: डेस्कटॉपवर साठलेला पसारा, डाउनलोड्स फोल्डर, टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकच्या जुन्या मेलची फाइल. वनड्राइव्ह वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. ज्या फाइलीशेजारी ढगाची खूण दिसते ती फाइल तुमच्या डिस्कवर नसतेच, फक्त तिचं नाव असतं. अशा फाइली आधी उतरवून घ्या.

सोबत विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्हही बनवा. स्टार्ट मेनूत 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधलं की सोय सापडते. त्यासाठी १६ जीबीचा किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. कदाचित तो कधीच लागणार नाही, पण लागला तर त्याला पर्याय नसतो.

## विंडोजमध्ये करायची तयारी

पहिली तपासणी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा कंट्रोल पॅनलमध्ये 'बिटलॉकर' शोधा. ते चालू असेल तर बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला यात तासन्‌तास जाऊ शकतात. बंद करायचंच नसेल तर निदान मायक्रोसॉफ्ट खात्यातली ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बूटची, म्हणजे यंत्र सुरू होण्याची, सेटिंग बदलल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा कायमचा कुलूपबंद राहतो. लिनक्स टाकताना झालेल्या नुकसानीच्या ज्या कहाण्या कानावर येतात, त्यातल्या बऱ्याचशा मुळात या विसरलेल्या कीच्या असतात.

दुसरं काम 'फास्ट स्टार्टअप' बंद करण्याचं. ही सोय चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपेत जातं आणि आपली डिस्क धरून ठेवतं. मग लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं जा आणि तिथली खूण काढा. ती फिकी दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर आधी क्लिक करा.

तिसरं, 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते पाहा. बायोस म्हणजे यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर. 'यूईएफआय', म्हणजे नवी पद्धत, असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू. 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, असेल तर पेनड्राइव्हही लेगसी पद्धतीनेच सुरू करावा लागेल. शिवाय अशा जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन बसतात, तेव्हा चार आधीच भरलेली नाहीत ना, हे बघून घ्या.

आता जागा मोकळी करायची. हे काम मी नेहमी विंडोजच्याच हातून करून घेतो, कारण स्वतःचं पार्टिशन कसं आकसायचं हे त्याला सर्वांत चांगलं कळतं. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट', सी ड्राइव्हवर राइट-क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. किती जागा काढायची ते एमबीमध्ये विचारलं जातं. मिंटला किमान २० जीबी लागते. रोजच्या वापराला ६० जीबीपेक्षा कमी देऊ नका, १०० दिली तर उत्तम. ६० जीबीसाठी ६१४४० हा आकडा भरा.

पुष्कळदा डिस्कवर दीडशे जीबी रिकामी असूनही विंडोज जेमतेम पाच-सहा जीबी काढू देतं. कारण पेज फाइल, हायबरनेशन फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी डिस्कच्या मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि त्या चालू असताना हलत नाहीत. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. काम झाल्यावर पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोअर परत चालू करा.

श्रिंक झाल्यावर सी च्या उजवीकडे काळी पट्टी असलेला 'अनअलोकेटेड' तुकडा दिसेल. तो तसाच राहू द्या. त्याला नाव देऊ नका, फॉरमॅट करू नका. त्या तुकड्याचा आकडा आणि बाकी सगळ्या पार्टिशनचे आकार कागदावर लिहा, किंवा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. शेताच्या वाटणीआधी मोजणीचा नकाशा हातात असावा, तसा हा फोटो पुढे कामाला येणार आहे. नंतर विंडोज एकदा रीस्टार्ट करून ते नीट उघडतंय याची खात्री करा.

## पेनड्राइव्ह बनवणं

मिंटच्या अधिकृत साइटवरूनच आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलीत बांधलेलं पूर्ण मिंट, उतरवा. ती साधारण तीन जीबीची असते, तेव्हा मोबाइल डेटावर असाल तर आधी हिशेब बघा. पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार, हे लक्षात असू द्या.

विंडोजवर 'रुफस' नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर घ्या. पेनड्राइव्ह लावा आणि रुफसमध्ये वर तोच निवडला आहे ना ते बघा. बाहेरची बॅकअप डिस्क त्याच वेळी लावलेली नको, आधी काढून ठेवा. आयएसओ निवडल्यावर शेजारी बरोबरची छोटी खूण असलेलं बटण दिसतं. ते दाबलं की फाइलची एसएचए-२५६ ओळख निघते, ६४ अक्षर-आकड्यांची. मिंटच्या साइटवर दिलेल्या ओळखीशी ती ताडून बघा. उतरवताना नेट तुटलं असेल तर इथेच कळतं. अर्धवट फाइलवरून केलेली स्थापना मध्येच अडकते आणि माणूस विनाकारण लॅपटॉपला दोष देत बसतो.

यूईएफआय यंत्रासाठी 'पार्टिशन स्कीम' जीपीटी ठेवा, लेगसीसाठी एमबीआर. 'स्टार्ट' दाबल्यावर रुफस लिहिण्याची पद्धत विचारेल, तिथे शिफारस केलेला 'आयएसओ इमेज मोड' ठेवा.

## काही न टाकता चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पूर्ण बंद करा, चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ असते, पण काही मॉडेलमध्ये ती बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा आणि 'स्टार्ट लिनक्स मिंट' घ्या. स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या. एनव्हिडियाच्या ग्राफिक्सवर याची गरज पडते.

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप उघडेल. हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय, हार्डडिस्कला अजून हातही लागलेला नाही. म्हणून घाई करू नका. वायफाय जोडा, गाणं लावून स्पीकर ऐका, हेडफोन लावा, कॅमेरा उघडा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवा, ब्राइटनेस कमी-जास्त करा, झाकण मिटून उघडा. प्रिंटर असेल तर तोही जोडून एक पान काढा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात. दुकानांत आणि ऑफिसांत जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो. तोच तुमचा रोजचा प्रिंटर असेल तर दोन्ही प्रणाली ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

वायफाय दिसलंच नाही तर निराश होऊ नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. नंतर त्याच नेटवरून वायफायचा ड्रायव्हर टाकता येतो.

## टाकायला बसा

चार्जर लावलेला हवा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बऱ्याचदा नावापुरती असते, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना लाइट गेली तर काम अर्धवट राहील. इन्व्हर्टर नसेल तर तुमच्या भागात लोडशेडिंगची किंवा देखभालीची वेळ नसेल अशी वेळ निवडा.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' वर डबल-क्लिक करा. भाषा इंग्रजी ठेवा असं मी सुचवेन, कारण काही अडलं तर इंग्रजी संदेश जसाच्या तसा शोधला की उत्तर पटकन सापडतं. मराठी नंतर केव्हाही करता येते. कीबोर्डला 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडलं की उजवी ऑल्ट आणि ४ दाबून ₹ उमटतं. गाणी आणि व्हिडिओ चालण्यासाठी 'मल्टिमीडिया कोडेक्स' वर खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगितला जाईल. तो लिहून ठेवा, रीस्टार्टनंतर एकदाच लागतो.

आणि आता 'इन्स्टॉलेशन टाइप'. इथे श्वास घ्या.

'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' म्हणजे विंडोज, डी ड्राइव्ह, फोटो, सगळं साफ. नवी रिकामी एसएसडी असेल तरच हा पर्याय. 'अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर' हा पर्याय प्रणालीलाच वाटणी करू देतो. बहुतेक वेळा तो ठीक चालतो, पण नेमकी कुठली जागा घेतली जातेय हे डोळ्यांसमोर मांडलेलं नसतं. मी 'समथिंग एल्स' घ्या म्हणेन. दोन-चार क्लिक जास्त पडतात, पण प्रत्येक ओळ आपण वाचून पुढे जातो.

समोर यादी येईल. मोबाइलमधला मघाचा फोटो काढा आणि ओळीला ओळ लावून बघा. साधारण अशी असेल: यंत्र सुरू करायच्या फाइली असलेलं शंभर-दोनशे एमबीचं ईएफआय पार्टिशन, मोठं एनटीएफएस म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह, मग 'फ्री स्पेस' लिहिलेली ओळ, आणि शेवटी विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन. विंडोजमध्ये ६१४४० भरलं असेल तर इथे साधारण ६४४२४ दिसेल. दचकू नका. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, हे १००० च्या पटीत मोजतं, जागा तीच आहे.

'फ्री स्पेस' ची ओळ निवडा आणि खालचं अधिक चिन्ह दाबा. आकार आहे तोच ठेवा, 'यूज अ‍ॅज' मध्ये ईएक्सटी४ ही लिनक्सची डिस्कवरची मांडणी, 'माउंट पॉइंट' मध्ये फक्त / ही तिरकी रेघ. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन लागत नाही, मिंट स्वतःची स्वॅप फाइल करून घेतं. ईएफआय पार्टिशनच्या ओळीसमोर 'फॉरमॅट' ची खूण नको. एनटीएफएसच्या ओळींसमोरही नको. खूण फक्त तुम्ही आत्ता बनवलेल्या ईएक्सटी४ च्या ओळीसमोर असली पाहिजे. प्रणाली सुरू करून देणाऱ्या बूटलोडरसाठी खाली पूर्ण डिस्क निवडलेली असू द्या.

यादीत डिस्कच दिसत नसेल तर बायोसमधली साठवणुकीची पद्धत 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असण्याची शक्यता मोठी. ती 'एएचसीआय' करावी लागते, पण तडकाफडकी बदलली तर विंडोज उघडणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं आणि मग नेहमीसारखं सुरू करायचं, हा क्रम पाळा. त्याबद्दल खात्री वाटत नसेल तर आज इथेच थांबा. अजून काहीही बदललेलं नाही.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर शेवटची खिडकी येते आणि कोणतं पार्टिशन फॉरमॅट होणार ते सांगते. त्यात तुमचं नवं ईएक्सटी४ सोडून दुसरं नाव दिसलं तर 'गो बॅक'. सगळं जुळलं तर 'कंटिन्यू'. मघाशी म्हटलेली उलट न फिरणारी पायरी ती हीच.

पुढचं सोपं आहे. नकाशावर कोलकाता निवडलं की भारतीय वेळ लागते. नाव आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड सॉफ्टवेअर टाकताना सारखा लागतो, तेव्हा लक्षात राहील असा ठेवा. काम संपल्यावर रीस्टार्ट करा, सांगितलं जाईल तेव्हा पेनड्राइव्ह काढा. सिक्युअर बूटचा पासवर्ड दिला असेल तर निळी स्क्रीन येते. तिथे 'एन्रोल मोक', 'कंटिन्यू', 'येस' आणि मग तो पासवर्ड. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते, समोर बसून राहा.

त्यानंतर ग्रब या बूटलोडरचा काळा मेनू येईल. वरची ओळ मिंटची, खाली 'विंडोज बूट मॅनेजर'. आधी विंडोज उघडून बघा, मग मिंट. मेनू न येता थेट विंडोजच सुरू झालं तर बायोसमध्ये बूटचा क्रम बदला. तिथे मिंट शोधत बसू नका, यादीत ते 'उबुंटू' या नावाने दिसतं. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतरही असं होतं आणि उपाय हाच.

## पहिल्या दिवसाची कामं

आधी 'अपडेट मॅनेजर' चालवा. मग 'ड्रायव्हर मॅनेजर': एनव्हिडियाचं ग्राफिक्स किंवा ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर शिफारस केलेला ड्रायव्हर घ्या. त्यानंतर लगेच 'टाइमशिफ्ट'. हे प्रणालीचे फोटो काढून ठेवतं आणि उद्या काही बिघडलं तर त्या दिवसाच्या स्थितीत परत नेतं. आठवड्याला एक, दोन-तीन प्रती, एवढं पुरे, नाहीतर जागा भरते. तुमची पत्रं-फोटो टाइमशिफ्ट सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. रात्री नऊ वाजता ते दुपारचे साडेतीन दाखवतं. विंडोज यंत्रातलं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स जागतिक वेळेचं, आणि भारताचा फरक नेमका तेवढाच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'timedatectl set-local-rtc 1' ही आज्ञा दिली की हा घोळ मिटतो.

सॉफ्टवेअर हवं असेल तर 'सॉफ्टवेअर मॅनेजर' मध्ये शोधा. कुठल्याही साइटवरून सेटअप उतरवायची विंडोजमधली सवय इथे सोडा.

आता मराठी. देवनागरी वाचायला काही करावं लागत नाही, फॉन्ट आधीच असतात. टायपिंगसाठी 'कीबोर्ड' मध्ये 'लेआउट्स' उघडा आणि अधिक चिन्हाने मराठी जोडा. 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' आणि 'मराठी, कागपा, फोनेटिक' असे दोन लेआउट दिसतील. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना सगळं ओळखीचं: के वर क, जे वर र, शिफ्ट आणि एन वर ळ, डी वर हलन्त. 'दऱ्या' लिहिताना साध्या र ऐवजी शिफ्ट आणि जे चा ऱ, मग हलन्त, मग य घेतला की त्यातला अर्धा र बरोबर उमटतो. 'mi' टाइप करून 'मी' मिळवायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस-एम१७एन' टाका, त्यात मराठीच्या उच्चारानुसारच्या पद्धती मिळतात.

लिब्रेऑफिस आधीच असतं. वर्डच्या फाइली उघडतात, पण मंगल किंवा कोकिळासारखे विंडोजचे फॉन्ट इथे नसल्याने ओळी सरकतात. पाठवायची प्रत पीडीएफ करूनच पाठवा. स्वतःच्या लेखनासाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' हे मोफत फॉन्ट उतरवा. टिरोच्या या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, आणि लांबलचक मजकूर वाचताना तो फरक डोळ्यांना जाणवतो.

## परत जायचं असेल तर

आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आणा आणि लॅपटॉप ग्रबशिवाय थेट विंडोजमध्ये जातोय हे बघा. यंत्र लेगसी पद्धतीचं असेल तर रिकव्हरी ड्राइव्हवरून विंडोजचा बूट दुरुस्त करण्याची तयारी आधी ठेवा, कारण तिथे ग्रब डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला असतो. मिंटमधल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, विंडोजच्या फाइल एक्सप्लोररला ईएक्सटी४ वाचता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये फक्त ते ईएक्सटी४ पार्टिशन 'डिलीट व्हॉल्यूम' करा. कुठलं ते आकारावरून आणि ड्राइव्हचं अक्षर नसण्यावरून ओळखा. ईएफआय पार्टिशनला हात लावू नका. सी वर राइट-क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दिलं की जागा परत मिळते. बूटच्या यादीत 'उबुंटू' हे नाव मागे राहिलं तरी त्याने काही बिघडत नाही.